भिन्नस्वर : अवटुग्रंथीच्या स्थानिक प्रसार झालेल्या कर्करोगाच्या परीक्षेचा व चिकित्सेचा इतिहास

१. विषयप्रवेश

भाषेचा अभ्यास करणाऱ्यास स्वरयंत्र हा परिचयाचा अवयव असतो; परंतु हा परिचय बहुधा वर्णोच्चारापुरता मर्यादित राहतो. ज्या मज्जातंतूच्या आज्ञेवर स्वरतंतू मिटतात व उघडतात, तो कोठून येतो, कोणत्या अवयवाच्या आश्रयाने जातो आणि त्या अवयवास रोग जडला असता वाणीचे काय होते, हे प्रश्न आपण वैद्यकाकडे सोपवून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या इतिहासाचा मागोवा घ्यावयाचा आहे. लेखकाचा अधिकार भाषाशास्त्राचा आहे, चिकित्सेचा नव्हे. म्हणून येथील विवेचन उपचाराचा सल्ला म्हणून न वाचता एका लक्षणाचा इतिहास म्हणून वाचावे, हे उचित होय.

ज्या ग्रंथीस मराठी परिभाषेत अवटुग्रंथी व व्यवहारात थायरॉइड म्हणतात, ती कंठमण्याखाली श्वासनलिकेला बिलगून असते. तिच्या मागून, श्वासनलिका व अन्ननलिका यांमधील खोबणीतून, स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू वर चढतो. या ग्रंथीत उद्भवणारे बहुतेक कर्करोग मंदगती असून ग्रंथीच्या आवरणात असेपर्यंत सुसाध्य असतात. त्यांतील काही मात्र आवरण फोडून शेजारच्या स्नायूंत, मज्जातंतूत, श्वासनलिकेत, स्वरयंत्रात, अन्ननलिकेत किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांभोवती शिरतात. यालाच येथे स्थानिक प्रसार झालेला कर्करोग असे म्हटले आहे. रोग्याचा आवाज बसणे हे या प्रसाराचे एक प्राचीन काळापासून ज्ञात असलेले चिन्ह होय. हे चिन्ह प्रारंभी वैद्याने रोग्यास सोडून द्यावे याची खूण होते, पुढे ते तपासण्याची वस्तू झाले, त्यानंतर जपण्याची, आणि आज ते तोलण्याची वस्तू झाले आहे. हा क्रम कसा घडला, हेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. संज्ञांचा विचार

रोगाच्या इतिहासात शिरण्यापूर्वी त्याच्या नावांचा विचार करणे इष्ट ठरेल. कारण प्रत्येक नाव शरीराकडे पाहण्याची एक दृष्टी घेऊन येते. ‘अवटु’ हा शब्द अमरकोशात घाटा व कृकाटिका यांच्या जोडीने येतो. म्हणजे त्याचा मूळ अर्थ मानेची मागची बाजू असा आहे. आधुनिक परिभाषाकारांनी तो मानेच्या पुढील ग्रंथीस लावला. शब्द असा मागून पुढे आला याचे वैषम्य मानण्याचे कारण नाही. परिभाषेत असे स्थलांतर नेहमीच होत आले आहे.

‘थायरॉइड’ या नावाचाही प्रवास असाच आहे. ग्रीक भाषेत ‘थुरा’ म्हणजे दार. त्यावरून दारासारख्या लांबट मोठ्या ढालीस ‘थुरेओस’ म्हणत. गेलेन याने स्वरयंत्राच्या पुढील कूर्चेस या ढालीची उपमा दिली, आणि १६५६ साली लंडनच्या टॉमस व्हॉर्टन याने कूर्चेचे नाव शेजारच्या ग्रंथीस दिले. ग्रीक ‘थुरा’ आणि संस्कृत ‘द्वार’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. मराठी ‘दार’ही त्याच कुळातील. व्हॉर्टनच्या मते या ग्रंथीचे एक प्रयोजन गळ्यास भरीव व सुंदर आकार देणे हे होते. ग्रंथीचे खरे कार्य कळण्यास पुढे दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला.

‘कर्करोग’ हा शब्द अर्थानुवादाने आला आहे. ग्रीक वैद्यांनी अशा गाठीस खेकड्याचे नाव दिले. लॅटिनने त्याचा अनुवाद केला. आपण राशीच्या नावामुळे परिचित असलेला ‘कर्क’ त्यास योजला. संस्कृत वैद्यकातील जुना शब्द ‘अर्बुद’ हा आहे. तथापि अर्बुद म्हणजे आजचा कर्करोग आणि गलगंड म्हणजे आजचा अमुक एक रोग, असे समीकरण मांडणे शास्त्रशुद्ध होणार नाही. जुन्या संज्ञा दिसणाऱ्या व हाताला लागणाऱ्या लक्षणांवर उभ्या आहेत. आजच्या संज्ञा पेशींच्या रचनेवर उभ्या आहेत. दोहोंचे क्षेत्र काही ठिकाणी एकमेकांवर येते, एवढेच म्हणता येईल.

३. सुश्रुतसंहितेतील सीमारेषा

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे निदान एकत्र दिले आहे. गलगंडाचे वर्णन झाल्यावर कोणता रोगी वैद्याने हाती घेऊ नये हे तेथे सांगितले आहे. ज्याला श्वास कष्टाने घ्यावा लागतो, ज्याची गात्रे शिथिल झाली आहेत, ज्याच्या रोगास वर्ष उलटून गेले आहे, ज्याची अन्नावरची वासना गेली आहे, जो क्षीण झाला आहे आणि जो ‘भिन्नस्वर’ आहे, असा रोगी वर्ज्य होय. त्याच अध्यायात असाध्य अर्बुदाची लक्षणे येतात : जे स्रवते, जे मर्मस्थानी उद्भवले आहे, जे स्रोतसात झाले आहे आणि जे ‘अचाल्य’ म्हणजे हलविता न येणारे आहे.

या दोन सूचींची सांगड घातली तर जे चित्र उभे राहते ते विचारार्ह आहे. श्वासकष्ट, आवाज फुटणे, गाठ खाली चिकटून बसणे, मर्माशी व स्रोतसाशी तिचा संबंध येणे, या खुणा आजचा शस्त्रवैद्यही मानेवर हात ठेवताना शोधतो. साधा गलगंड कितीही मोठा झाला तरी तो बहुधा हलतो आणि आवाजास धक्का लावत नाही. तो अचल झाला व आवाज बसला की संशयास जागा होते. संहिताकारास पेशी दिसत नव्हत्या. परंतु रोग ग्रंथीची मर्यादा ओलांडून गेला आहे, हे त्याने कानाने व बोटाने ओळखले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

संहितेच्या शारीरस्थानात मर्मांचे वर्णन आहे. कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस ‘नीला’ व ‘मन्या’ नावाची मर्मे सांगून त्यांस इजा झाल्यास मुकेपणा, स्वरविकृती व रसज्ञानाचा नाश होतो असे तेथे म्हटले आहे. गळ्याच्या बाजूस इजा झाली असता वाणी जाते, हा अनुभव यामागे स्पष्ट दिसतो. परंतु त्याचे कारण तेथील वाहिन्यांत मानले गेले. मज्जातंतूचा वेगळा विचार झाला नाही.

येथे एका गोष्टीची नोंद करणे भाषाभ्यासकास अगत्याचे वाटेल. प्रातिशाख्यकारांनी वर्णोत्पत्तीचा विचार करताना कंठ संवृत असता नाद व विवृत असता श्वास उत्पन्न होतो, असा सिद्धांत मांडला होता. घोष व अघोष यांचा भेद कंठाच्या मिटण्या-उघडण्यावर अवलंबून आहे, हे ज्ञान जगात अन्यत्र इतक्या स्पष्टपणे इतक्या लवकर आढळत नाही. म्हणजे एकीकडे ध्वनिविचारात कंठाची ही क्रिया ज्ञात होती आणि दुसरीकडे वैद्यकात भिन्नस्वर हे लक्षण ज्ञात होते. ज्याचा कंठ पूर्ण संवृत होऊ शकत नाही तो भिन्नस्वर होतो, त्याच्या नादात श्वास मिसळतो, ही जोड मात्र दोन्ही शास्त्रांच्या मध्ये राहून गेली.

४. परतीचा मज्जातंतू

ही जोड वेगळ्या मार्गाने रोममध्ये घातली गेली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन याने जिवंत डुकरांवर जाहीर प्रयोग करून दाखविले. ओरडणाऱ्या प्राण्याच्या मानेतील एक बारीक मज्जातंतू दाबला की त्याचा आवाज बंद पडे. वाणीचा उगम हृदयात की मेंदूत, या तत्कालीन वादाला या प्रयोगाने मोठे वळण मिळाले. या मज्जातंतूचा मार्ग विलक्षण आहे. तो मेंदूकडून मानेतून खाली छातीत उतरतो, डाव्या बाजूस महाधमनीच्या कमानीखालून व उजव्या बाजूस हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळसा घेतो आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्रात शिरतो. गेलेनने त्यास मागे धावणारा अशा अर्थाचे नाव दिले. परतीचा पाऊस म्हणतो त्या अर्थाने मराठीत त्यास परतीचा मज्जातंतू म्हणता येईल, आणि पुढील विवेचनात तीच संज्ञा योजली आहे.

गेलेनने दोन मुलांची हकीकत लिहून ठेवली आहे. मानेतील गाठी काढताना रक्तवाहिन्या कापल्या जाऊ नयेत म्हणून एका शस्त्रवैद्याने त्या नखांनी ओढून काढल्या आणि नकळत दोन्ही बाजूंचे परतीचे मज्जातंतू तोडले. गाठी गेल्या, पण मुलाची वाणीही गेली. दुसऱ्या एका मुलाचा एकच मज्जातंतू दुखावला व त्याचा आवाज अर्धा राहिला. शस्त्रक्रियेने रोग बरा व्हावा आणि वाणी जावी, ही या क्षेत्रातील मूळ शोकांतिका अशी अठराशे वर्षांपूर्वीच नोंदली गेली आहे.

५. कानाकडून डोळ्याकडे

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा वैद्याने नव्हे, तर गायनशिक्षकाने गाठला. मॅन्युएल गार्सिया (१८०५–१९०६) याने १८५४ साली दोन आरशांच्या साहाय्याने स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली आणि १८५५ मध्ये आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. स्वर कसा निर्माण होतो हे पाहणे हाच त्याचा हेतू होता. पुढील दोन-तीन वर्षांत ल्युडविग ट्युर्क व योहान चेर्माक यांनी त्या आरशाला वैद्यकीय परीक्षेचे साधन बनविले.

या आरशाने ‘भिन्नस्वर’ या लक्षणाचे स्वरूपच पालटले. तोपर्यंत आवाज बसणे ही ऐकण्याची गोष्ट होती. आता कोणता स्वरतंतू हलत नाही हे दिसू लागले. एक तंतू निश्चल झाला असेल तर त्या बाजूचा परतीचा मज्जातंतू कोठे तरी दाबला वा ग्रासला गेला आहे, हे अनुमान शक्य झाले. लक्षणावरून स्थानाकडे जाण्याची ही वाट होती.

या वाटेवरील सर्वांत मोठा धडा मात्र अगदी अलीकडचा आहे. स्वरतंतू निश्चल असूनही आवाज जवळजवळ स्वच्छ राहू शकतो. कर्करोग मज्जातंतूस हळूहळू ग्रासतो. तेवढ्या अवधीत दुसऱ्या बाजूचा तंतू मध्यरेषा ओलांडून येण्यास शिकतो आणि कंठाची फट भरून काढतो. बोस्टन येथील रँडॉल्फ व कमानी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रंथीबाहेर शिरलेल्या कर्करोगाच्या बहुसंख्य रोग्यांत शस्त्रक्रियेपूर्वीच स्वरतंतूचा पक्षाघात आढळला. परंतु पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशांच्याच आवाजात बदल जाणवत होता. सुश्रुताचे लक्षण असेल तेव्हा ते खरे असते. नसेल तेव्हा निश्चिंत राहता येत नाही. म्हणूनच प्रसाराचा संशय असलेल्या प्रत्येक रोग्याचे स्वरयंत्र, आवाज कसाही असो, शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यांनी पाहावे, हा आज मान्य झालेला दंडक आहे. केवळ श्रवणावर विसंबून राहण्याची सवय असलेल्या ध्वनिशास्त्रज्ञानेही हा धडा लक्षात ठेवावा.

६. शस्त्राची प्रगती आणि मज्जातंतूचे रक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अवटुग्रंथीवरील शस्त्रक्रिया म्हणजे रक्तस्राव व मृत्यू असे समीकरण होते. अमेरिकेतील सॅम्युएल ग्रॉस याने १८६६ साली या शस्त्रक्रियेची संभावना कसाबकरणी अशा अर्थाच्या शब्दांत केली होती. झुरिक येथे थिओडोर बिलरोट याचे सुमारे ४० टक्के रोगी दगावले आणि काही वर्षे त्याने हे काम सोडून दिले. बधिरीकरण, जंतुनाशन व रक्तवाहिन्या पकडण्याचे चिमटे ही तीन साधने आल्यावर चित्र पालटले. बर्न येथे १८७२ पासून प्राध्यापक असलेल्या थिओडोर कोखर याच्या पहिल्या शंभरेक शस्त्रक्रियांत सुमारे तेरा टक्के मृत्यू होते. कारकीर्दीच्या उत्तरार्धात ते प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. १९०९ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. हे आकडे मुख्यतः साध्या गलगंडाचे आहेत, कर्करोगाचे नव्हेत. तरी मानेच्या या भागात निर्भयपणे शिरता येते हे त्यांनी सिद्ध केले.

कोखरची रीत ग्रंथीच्या आवरणाला चिकटून, सावकाश, रक्तहीन क्षेत्रात काम करण्याची होती. परतीच्या मज्जातंतूपासून दूर राहणे हा तिचा एक लाभ होता. अनेक शस्त्रवैद्य त्या मज्जातंतूस उघडे पाडणे म्हणजे त्यास इजा करणे असे मानीत. बोस्टनच्या फ्रँक लाही यांनी १९३८ साली नेमका उलट पक्ष मांडला : मज्जातंतू दिसत नाही म्हणूनच तो कापला जातो, तेव्हा प्रत्येक वेळी तो शोधून, उघडा करून, डोळ्यांपुढे ठेवूनच ग्रंथी काढावी. या विचाराने आवाज ही नशिबाने वाचणारी गोष्ट न राहता जाणीवपूर्वक जपण्याची गोष्ट झाली. कर्करोगाच्या बाबतीत तर तो अपरिहार्य होता. मज्जातंतू दिसल्याखेरीज तो रोगाने वेढला आहे की नुसता ढकलला गेला आहे हे कळणे शक्य नाही.

याच काळातील एक प्रसिद्ध कथा येथे तपासून घेतली पाहिजे. विख्यात गायिका अमेलिता गाल्ली-कुर्ची हिच्यावर १९३५ साली शिकागो येथे गलगंडाची शस्त्रक्रिया झाली आणि तीत स्वरयंत्राच्या ऊर्ध्व मज्जातंतूची बाह्य शाखा कापली गेल्याने तिचा गळा गेला, असे पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. त्या शाखेस तिचे नावही चिकटले. ही शाखा स्वरतंतूस ताण देणाऱ्या स्नायूकडे जाते, म्हणून उच्च स्वरांसाठी ती महत्त्वाची आहे हे खरेच. परंतु २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पुनर्विचारात जुनी समीक्षणे व ध्वनिमुद्रणे तपासून असे दाखविले गेले की, तिच्या गायनातील उतार शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू झाला होता व गलगंडाने श्वासनलिका दाबली गेली होती. मज्जातंतूस इजा झाल्याचा पुरावा मात्र दुबळा होता. कथा शंकास्पद ठरली, तरी तिच्या धाकाने शस्त्रवैद्य त्या शाखेविषयी सावध झाले. इतिहासात दंतकथेचाही असा उपयोग होतो. मात्र तिला पुरावा म्हणून उद्धृत करू नये.

७. आयोडीनचे साहाय्य व त्याची मर्यादा

अवटुग्रंथीच्या पेशी आयोडीन शोषून घेतात. हा गुण त्यांपासून निर्माण झालेल्या अनेक कर्कपेशींतही टिकून राहतो. न्यूयॉर्कमध्ये सायडलिन, मरिनेली व ऑश्री यांनी एका रोग्यास १९४३ साली किरणोत्सर्गी आयोडीन दिले. त्याची ग्रंथी पूर्वीच काढली होती, तरी शरीरात अन्यत्र पसरलेल्या गाठी ग्रंथीचा स्राव निर्माण करीत होत्या. त्यांचा वृत्तांत १९४६ साली प्रसिद्ध झाला आणि कर्करोगाच्या चिकित्सेस एक नवे साधन मिळाले. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. त्याच परळ भागात १९६३ साली अणुशक्ती विभागाने विकिरण औषधी केंद्र स्थापन केले. अवटुग्रंथीच्या रोगांसाठी किरणोत्सर्गी आयोडीनचा उपयोग हे त्या केंद्राचे प्रारंभापासूनचे महत्त्वाचे कार्यक्षेत्र राहिले, आणि महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांचे रोगी त्यासाठी परळला गेले आहेत.

तथापि स्थानिक प्रसाराच्या संदर्भात या साधनाची मर्यादा ध्यानी घेतली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर उरलेले सूक्ष्म अंश नष्ट करण्यास ते उपयोगी पडते. श्वासनलिकेवर बसलेली मोठी गाठ ते विरघळवू शकत नाही. शिवाय आसपास आक्रमकपणे शिरणारे कर्करोग पुष्कळदा आयोडीन शोषण्याचा गुण गमावून बसतात. म्हणून दिसणारा रोग शस्त्राने शक्य तितका पूर्ण काढणे, हेच या चिकित्सेचे पहिले सूत्र राहिले.

८. सीमारेषेची नवी आखणी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्न असा झाला : कोणता रोगी किती धोक्यात आहे हे ठरवावे कसे ? मेयो क्लिनिकमध्ये इयन हे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दिलेल्या गणनपद्धतीत दूरचा प्रसार, वय, गाठीचा आकार, ग्रंथीबाहेरील शिरकाव आणि शस्त्रक्रियेची पूर्णता हे पाच घटक धरले आहेत. त्याच वर्षी शिन, ग्रिलो व सहकाऱ्यांनी श्वासनलिकेतील शिरकावाच्या पायऱ्या मांडल्या : गाठ कूर्चेच्या बाह्य आवरणास टेकलेली, कूर्चेत शिरलेली, आतील अस्तरापर्यंत पोचलेली आणि अस्तर भेदून नलिकेच्या पोकळीत उगवलेली. ग्रंथीतच राहिलेला रोग ही त्यांची शून्य पायरी.

अमेरिकन संयुक्त कर्करोग समितीच्या आठव्या आवृत्तीत, जी २०१८ पासून अमलात आली, स्थानिक प्रसाराचे दोन वर्ग केले आहेत. त्वचेखालील ऊतक, स्वरयंत्र, श्वासनलिका, अन्ननलिका किंवा परतीचा मज्जातंतू यांत शिरलेला रोग पहिल्या वर्गात येतो. मणक्यांपुढील आवरणात शिरलेला अथवा मानेच्या वा छातीच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढा घातलेला रोग दुसऱ्या वर्गात. पहिल्यात शस्त्राने रोग काढण्याची आशा असते, दुसऱ्यात ती फार थोडी असते. स्रोतस व मर्म हे सुश्रुताचे दोन शब्द येथे सहज आठवतात. फरक असा की, जुन्या सूचीत दोन्ही वर्ज्य होते. नव्या आखणीत स्रोतसाचा बराचसा प्रदेश साध्याच्या बाजूस आला आहे.

वयाचा प्रभाव या रोगात विलक्षण आहे. नेहमीच्या पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर प्रकारात श्वासनलिकेत शिरलेला पण दूर न पसरलेला रोग पंचावन्न वर्षांखालील रोग्यात पहिल्या अवस्थेचा गणला जातो आणि पंचावन्न वा अधिक वयाच्या रोग्यात तिसऱ्या अवस्थेचा. अर्थात, ही अवस्था मृत्यूच्या संभवाची आहे. श्वासाच्या वा आवाजाच्या हानीची नव्हे. तरुण रोग्याची अवस्था पहिली असली तरी त्याचा मज्जातंतू धोक्यात असू शकतो.

परीक्षेचा आजचा क्रमही यातून समजतो. आवाज, श्वास, गिळणे व थुंकीतील रक्त यांची विचारपूस, स्वरयंत्राचे दर्शन, सोनोग्राफी, सुईने काढलेल्या पेशींची तपासणी, प्रसाराचा संशय असल्यास सीटी, आणि आवश्यक तेथे नळीने श्वासनलिकेची व अन्ननलिकेची आतून पाहणी. सीटीसाठी दिल्या जाणाऱ्या द्रव्यातील आयोडीनमुळे पुढील किरणोत्सर्गी उपचार काही आठवडे लांबणीवर टाकावा लागतो, या कारणास्तव पूर्वी ही तपासणी टाळण्याकडे कल होता. रोग कोठवर गेला आहे हे न कळता शस्त्र धरणे अधिक घातक, हे आता मान्य झाले आहे.

९. आवाजाचे मोल

शस्त्रक्रियेच्या वेळी उभा राहणारा निर्णय हा या इतिहासाचा गाभा होय. रोग परतीच्या मज्जातंतूस चिकटला आहे; तो काढताना मज्जातंतू कापावा की रोगाचा पातळ थर मागे ठेवून आवाज वाचवावा ? इतर अनेक कर्करोगांत मागे काही ठेवणे म्हणजे पराभव मानला जातो. परंतु पॅपिलरी प्रकार मंदगती आहे आणि उरलेल्या अंशासाठी आयोडीनचे साहाय्य असू शकते. म्हणून पुढील विवेक रूढ झाला. स्वरतंतू शस्त्रक्रियेपूर्वी हलत असेल व रोग मज्जातंतूवरून सोलून काढता येत असेल, तर मज्जातंतू राखावा. तंतू आधीच निश्चल असेल व मज्जातंतू रोगाने पूर्ण वेढला असेल, तर तो रोगाबरोबर काढावा. दुसऱ्या बाजूचा मज्जातंतू आधीच निकामी झाला असेल, तर उरलेल्या एकमेव मज्जातंतूविषयी कमालीची सावधगिरी बाळगावी. कारण दोन्ही गेले तर दोन्ही स्वरतंतू मध्यरेषेजवळ अडकतात, श्वासाची वाट बंद होते आणि गळ्यास छिद्र पाडावे लागते.

श्वासनलिकेच्या बाबतीतही असाच तोल आहे. गाठ केवळ बाहेरून चिकटली असेल तर ती खरवडून काढता येते. पोकळीत शिरली असेल तर नलिकेचा तेवढा तुकडा कापून टोके जोडावी लागतात. हर्मीस ग्रिलो यांनी बोस्टनमध्ये या जोडणीचे तंत्र विकसित केले. अन्ननलिकेचा बहुधा बाहेरचा स्नायूथरच ग्रासलेला असतो व तो सोलून काढता येतो. स्वरयंत्राच्या आत फार खोल शिरलेल्या रोगासाठी मात्र क्वचित संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची वेळ येते.

गेलेला आवाज परत मिळविण्याचे प्रयत्नही या इतिहासाचा भाग आहेत. १९११ साली व्हिल्हेल्म ब्र्युनिंग्स याने निश्चल स्वरतंतूत पॅराफिन टोचून तो मध्यरेषेकडे सरकविला. पॅराफिन पुढे अपायकारक ठरले, पण कल्पना टिकली. क्योटोच्या इश्शिकी नोबुहिको यांनी १९७४ साली स्वरयंत्राच्या कूर्चेची रचना बदलून स्वरतंतू जवळ आणण्याच्या शस्त्रक्रियांचे चार प्रकार मांडले. कोबे येथील मियाउची अकिरा यांनी कर्करोगासाठी कापाव्या लागलेल्या परतीच्या मज्जातंतूस त्याच शस्त्रक्रियेत मानेतील दुसऱ्या मज्जातंतूचे टोक जोडण्याचा पुरस्कार केला. असे केल्याने स्वरतंतू पुन्हा हलू लागत नाही. परंतु त्याच्या स्नायूची भरीवता परत येते आणि एका श्वासात स्वर लांबविण्याची शक्ती बहुतांशी भरून निघते. आवाजाचा खडबडीतपणा, श्वासमिश्रता, दुबळेपणा व ताण मोजण्याची, १९८१ मध्ये हिरानो यांच्या ग्रंथामुळे सर्वत्र पोचलेली श्रवणाधिष्ठित मापनपद्धतीही जपानचीच देणगी होय.

१०. जेथे शस्त्र थांबते

काही रोगी अजूनही सीमारेषेपलीकडे राहतात. अॅनाप्लास्टिक प्रकार हा सर्वांत भयंकर. तो निदानसमयीच चौथ्या अवस्थेचा गणला जातो आणि दीर्घकाळपर्यंत त्यातील निम्मे रोगी निदानानंतर सुमारे सहा महिन्यांच्या आतच दगावत आले. येथे अलीकडच्या औषधांनी प्रथमच काही हालचाल घडविली आहे. आयोडीनला दाद न देणाऱ्या रोगावर लेनवॅटिनिब दिले असता रोगाची वाढ मध्यमानाने १८.३ महिने रोखली जाते, औषधाविना ३.६ महिने, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. ‘ब्राफ’ या जनुकातील विशिष्ट बदल असलेल्या अॅनाप्लास्टिक रोगासाठी डाब्राफेनिब व ट्रामेटिनिब या जोडीस अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. अशा औषधांनी गाठ आक्रसल्यावर पूर्वी अशक्य असलेली शस्त्रक्रिया काही रोग्यांत शक्य झाली आहे. मात्र श्वासनलिकेत शिरलेली गाठ लेनवॅटिनिबसारख्या औषधाने झपाट्याने विरली तर तेथे भोक पडण्याचा व रक्तस्रावाचा धोका असतो. सीमारेषा पुढे सरकते, तशी तिच्यावरची जोखीमही नवी होते.

११. उपसंहार

सारांश, भिन्नस्वर या एका लक्षणाभोवती दीड-दोन हजार वर्षांचा विचार गुंफला गेला आहे. सुश्रुताने त्यास त्यागाची खूण मानले, आणि त्या काळच्या साधनांचा विचार करता तो निर्णय निष्ठुर नव्हता. जे साधणार नाही ते हाती घेऊन रोग्याचे हाल वाढवू नयेत, हा त्यातील हेतू होता. गेलेनने त्याचे कारण शोधले, गार्सियाने ते डोळ्यांपुढे आणले, लाहींनी ते जपण्याची रीत घालून दिली. आजच्या वैद्याने त्याग टाळला आहे. पण त्याच्या जागी दुसरा भार उचलला आहे. किती आवाज देऊन किती आयुष्य घ्यावयाचे, हा हिशेब त्यास मांडावा लागतो, आणि त्यात रोग्याचे मत निर्णायक असले पाहिजे. कीर्तनकार, शिक्षक, भाजी विकणारी बाई व कारकून यांना आवाजाचे मोल सारखे नसते.

येथे भाषाशास्त्राचेही काही कर्तव्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आवाजाची परीक्षा केवळ ‘आ’ हा स्वर लांबवून पुरी होत नाही. मराठीत घोष-अघोष व अल्पप्राण-महाप्राण हे दोन्ही भेद अर्थभेदक आहेत. पाट आणि बाट, गडी आणि घडी, दार आणि धार यांतील अंतर कंठाच्या सूक्ष्म हालचालींवर उभे आहे. ज्याचा एक स्वरतंतू निश्चल आहे त्याच्या वाणीत हे भेद कितपत टिकतात, शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर त्यांत काय पालटते, आणि ऐकणाऱ्यास ते कितपत उमगते, यांचे मोजमाप ध्वनिशास्त्राच्या साधनांनी करता येईल. अशा शब्दयुग्मांचा पद्धतशीर संग्रह व त्यांवर आधारलेला वाचनासाठीचा उतारा सिद्ध करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास पेलणारे काम आहे. प्रातिशाख्यकारांचा संवृत-विवृत कंठ आणि सुश्रुताचा भिन्नस्वर यांची राहून गेलेली जोड घालण्यास रुग्णालयाच्या स्वरपरीक्षाकक्षाइतकी योग्य जागा दुसरी नाही.